टर्नरची काच

माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली एक पितळी डबी आहे. मुठीत जेमतेम मावेल एवढी, पण उचलली की वजन जाणवते. झाकणाला चार भोके, प्रत्येक भोकात पांढऱ्या टेफ्लॉनचा बुश आणि त्यातून आत उतरलेली तार. आतल्या तांब्याच्या ठोकळ्यावर एके काळी काचेची पट्टी बसवली जाई आणि त्या पट्टीवर असे सेलेनियम-टेल्युरियमचा लालसर काळा, केसापेक्षा कितीतरी पातळ थर. प्रयोगशाळेत या डबीला सॅम्पल होल्डर म्हणतात. १९८६ च्या हिवाळ्यात माझ्या एम.फिल.साठी ती माझ्या वडिलांनी भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर केली.

अण्णा टर्नर होते. १९७२ च्या दुष्काळात माण तालुक्यातले घर बंद करून ते आम्हाला घेऊन इकडे आले. तेव्हा पिंपरीतल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सला (१९५४) अठरा वर्षे झाली होती, एमआयडीसीच्या स्थापनेला (१९६२) दहा आणि टेल्को पुण्यात येऊन (१९६६) सहा. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी पत्र्याच्या छपराची वर्कशॉप भोसरीत एकाला लागून एक उभी राहत होती. त्यांतल्या एकात अण्णा आधी हेल्पर झाले, मग टर्नर. शिक्षण चौथीपर्यंत. मायक्रोमीटर मात्र त्यांना वर्तमानपत्रासारखा वाचता येई.

माझी अडचण अशी होती : असल्या थरातून जाणारा विद्युतप्रवाह इतका क्षीण असतो, की तो मोजणाऱ्या यंत्राला आजूबाजूची गळतीही प्रवाहच वाटते. आमच्या जुन्या होल्डरमध्ये तारा बेकेलाइटमधून आत जात. पावसाळ्याच्या दमट हवेत त्या बेकेलाइटमधूनच जास्त प्रवाह गळत होता. दोन महिने मी सेलेनियमची म्हणून जी मोजमापे वहीत उतरवली, ती बेकेलाइटची निघाली. टेफ्लॉन आणा, असे मार्गदर्शकांनी सांगितले. टेफ्लॉनचा रॉड मी आणला आणि अण्णांच्या हातात दिला.

"आत काय ठेवणार?" त्यांनी विचारले.

"काच. तिच्यातून करंट किती जातो ते मोजायचंय."

"काचेतनं करंट जातो?"

"या काचेतनं जातो, अण्णा. थोडा."

एवढ्यावर मी थांबलो. पुढचे इंग्रजीत शिकलो होतो, आणि ते मराठीत सांगावे असे कधी वाटले नव्हते. तो राहिलेला भाग आज सांगतो आहे.

*

चाकणजवळ कुरुळीला मोटारींच्या काचा तयार होतात. त्या, आपल्या खिडकीच्या आणि बाटलीच्या काचा, सगळ्या एकाच घराण्यातल्या : वाळू, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन. यांच्यातून नेहमीच्या तापमानाला वीज जवळजवळ जातच नाही. मूलद्रव्यांच्या तक्त्यात ऑक्सिजनच्या खाली क्रमाने गंधक, सेलेनियम आणि टेल्युरियम बसतात. त्यांच्यात आर्सेनिक किंवा जर्मेनियम मिसळून, वितळवून, तो रस झटकन थंड केला तर त्याचीही काच होते. ही कॅल्कोजेनाइड काच. दिसायला ती बहुधा काळपट, आपल्या डोळ्यांना अपारदर्शक. पण अवरक्त किरण तिच्यातून आरपार जातात. आणि ती वीज वाहून नेते. तांब्यासारखी नाही, अर्धवाहकासारखी.

हे १९५५ च्या सुमारास लेनिनग्राडच्या इओफ इन्स्टिट्यूटमध्ये नीना गोर्युनोवा आणि बोरिस कोलोमिएत्स यांनी दाखवले, तेव्हा ते सहज पचणारे नव्हते. अर्धवाहकांचे सगळे शास्त्र स्फटिकावर उभे होते. स्फटिकात अणू ओळीने, ठरावीक अंतरावर बसलेले असतात. इलेक्ट्रॉनची लाट त्या शिस्तीतून वाट काढते, त्यावरून कोणत्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन वाहतील आणि कोणते नाहीत हे ठरते, असे गणित १९२८ पासून रुळले होते. काचेत ओळीच नाहीत. मग वाट कशी?

आमच्या भागातल्या माणसाला हे चटकन समजेल. निगडीचे प्राधिकरण पाहा : सेक्टर, काटकोनी रस्ते, एकसारखे प्लॉट. एक चौक पाहिला की पुढचा कुठे असेल ते सांगता येते. हा स्फटिक. आता भोसरीचे किंवा चिखलीचे गावठाण घ्या. तिथे दहा घरांपलीकडचे काही सांगता येत नाही. पण प्रत्येक घराला शेजार आहे आणि शेजाऱ्याशी असलेले अंतर, दाराचा रोख साधारण ठरलेला आहे. काचेतही तसेच असते. सेलेनियमच्या अणूला सहसा दोन शेजारी, आर्सेनिकला तीन, जर्मेनियमला चार. दूरची शिस्त मोडली तरी शेजार टिकतो, आणि वाहकतेच्या बऱ्याचशा गोष्टी त्या शेजारावरच ठरतात. गावठाणातूनही माणूस स्टँडवर पोचतो. फक्त वेळ लागतो, आणि वाटेत बोळ लागतात, ते पुढे बंद असतात.

या बंद बोळांचा हिशेब म्हणजेच माझे काम होते. बेंगळुरूच्या हिंद हाय व्हॅक्यूमच्या कोटिंग युनिटमध्ये, घंटेसारख्या काचपात्राखाली हवा काढून घ्यायची, छोट्या धातूच्या बोटीत सेलेनियम-टेल्युरियमचे खडे तापवायचे, आणि वाफ वरच्या पट्टीवर बसू द्यायची. कधी काही चुकले तर सडक्या मुळ्यासारखा वास दोन दिवस कपड्यांतून जात नसे. मग ती पट्टी अण्णांच्या डबीत. डबी हळूहळू तापवत न्यायची आणि प्रवाह मोजायचा. तांब्याची तार तीस अंशांवरून पंचावन्न अंशांवर नेली तर तिचा रोध सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो, प्रवाह घटतो. आमच्या थरात तेवढ्याच पंचवीस अंशांत प्रवाह सात-आठपट वाढे. उष्णता बंद बोळात अडकलेल्या इलेक्ट्रॉनांना भिंतीवरून उडी मारायला बळ देते.

दुसरे मोजमाप डायइलेक्ट्रिक गुणाचे. थराच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम चढवले की त्याचा कपॅसिटर होतो. त्याला उलटसुलट होणारा विद्युतदाब द्यायचा आणि तो किती प्रभार धरून ठेवतो ते पाहायचे. दाब सेकंदाला शंभर वेळा उलटत असेल तर आतल्या प्रभारांना शेजारच्या जागी उडी मारून परत येण्याइतकी सवड मिळते, आणि आकडा मोठा येतो. सेकंदाला लाख वेळा उलटला की ते जागच्या जागी अडखळतात, आकडा उतरतो. सरळ प्रवाह मोजताना आपण विचारतो, गावठाण ओलांडून पलीकडे किती जण पोचले? डायइलेक्ट्रिक मोजताना विचारतो, पलीकडे न पोचणारे आपल्या बोळात किती येरझारा घालतात? दोन्ही उत्तरे जोडली तर बोळांचा नकाशा दिसू लागतो.

अशा अव्यवस्थित पदार्थांत कमी तापमानाला इलेक्ट्रॉन जवळच्या कठीण उडीऐवजी दूरची सोपी उडी पसंत करतात, हा नियम इंग्लंडच्या नेव्हिल मॉट यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस मांडला. त्याला भक्कम गणिती पाया देणाऱ्या १९७१ च्या प्रसिद्ध निबंधाच्या तीन लेखकांतले पहिले नाव होते कॉर्नेल विद्यापीठाचे विनय आंबेगावकर. लाखो वाटांपैकी एकमेकींना जोडलेली, सलग पार जाणारी अशी एखादी वाट कधी सापडते, असा प्रश्न त्यांनी विचारला होता. ग्रंथालयात ते आडनाव पाहून मला झालेला आनंद मी घरी सांगितला होता. "आपल्याकडचा दिसतोय," अण्णा म्हणाले होते. मॉट यांना १९७७ साली नोबेल मिळाले.

*

शास्त्रज्ञ वाट शोधत होते, तोवर व्यवहार थांबला नव्हता. सेलेनियमवर प्रकाश पडला की त्याची वाहकता वाढते, हे १८७३ साली विलोबी स्मिथ या तारायंत्राच्या अभियंत्याने जाहीर केले. समुद्राखालच्या केबलच्या चाचणीत सेलेनियमच्या कांड्या वापरताना त्यांचा रोध सारखा बदलतो, अशी तक्रार होती. कारण शोधता शोधता उजेड सापडला.

पुढे चेस्टर कार्लसन नावाचा, पेटंटच्या कागदपत्रांच्या नकला करून कंटाळलेला, संधिवाताने हात दुखणारा माणूस आला. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागातल्या भाड्याच्या खोलीत त्याने आणि त्याचा मदतनीस ऑटो कॉर्नेई यांनी जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला, रुमालाने घासून त्यावर स्थिर वीज आणली आणि काचपट्टीवर लिहिलेली तारीख व गावाचे नाव दिव्याच्या उजेडात त्यावर पाडले. उजेड पडला तिथला प्रभार निघून गेला, अक्षरांच्या सावलीत राहिला; वर भुरभुरवलेली पूड तिथेच चिकटली. वीसहून अधिक कंपन्यांनी ही कल्पना नाकारली. पुढे गंधकाची जागा सेलेनियमच्या काचेसारख्या थराने घेतली. १९५९ साली झेरॉक्स ९१४ हे यंत्र बाजारात आले आणि कंपनीचे नाव जगभर, मराठीतही, क्रियेचेच नाव झाले.

त्या ड्रमवरचा थर मिलीमीटरच्या विसाव्या हिश्शाएवढा. अंधारात तो इतका पक्का निरोधक की शेकडो व्होल्टचा दाब काही काळ अंगावर धरून ठेवतो, आणि उजेड पडताच सोडून देतो. वाहकता आणि डायइलेक्ट्रिक गुण हे माझ्या प्रबंधातले दोन रूक्ष शब्द. ते एका ड्रमवर एकत्र नांदले नसते तर झेरॉक्स निघालीच नसती. शुद्ध सेलेनियमची काच चाळीस-पंचेचाळीस अंशांजवळ मऊ पडू लागते आणि हळूहळू करड्या स्फटिकात बदलून अंधारातही वीज सोडते. म्हणून त्यात थोडे आर्सेनिक घालतात, ते अणूंच्या साखळ्यांना आडवे टाके घालते.

भारतात मोदी झेरॉक्स १९८३ साली सुरू झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत आकुर्डी, चिंचवड स्टेशन, भोसरी इथल्या चौकाचौकांत 'येथे झेरॉक्स काढून मिळेल' च्या पाट्या लागल्या. आयटीआयचे सर्टिफिकेट, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड यांच्या नकला घेऊन पोरे कंपन्यांच्या गेटवर उभी राहत. त्याआधी दाखला टाइप करून घ्यावा लागे आणि खरी प्रत म्हणून साहेबाची सही मिळवावी लागे. सगळ्या यंत्रांत सेलेनियम नव्हते. काहींत कॅडमियम सल्फाइड होते, पुढे सेंद्रिय थर आले. पण ज्या काचेची वाहकता मोजायला मी पीएमटीने विद्यापीठात जात असे, तिची भावंडे आमच्या चौकात दिवसभर फिरत होती, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. भोसरीतच १९९० साली बीईएल ऑप्ट्रॉनिक डिव्हायसेस उभी राहिली, रात्री पाहण्याच्या दुर्बिणीतल्या प्रतिमावर्धक नळ्या बनवण्यासाठी. दुसऱ्या पिढीपासूनच्या अशा नळ्यांत काचेची एक चकती असते : तिला लाखो सूक्ष्म भोके आणि भोकांच्या भिंती मुद्दाम किंचित वाहक केलेल्या. ती शिशाची काच, कॅल्कोजेनाइड नव्हे. पण काचेतून वीज नेण्याचे काम आमच्या दारापर्यंत आले होते.

*

मग स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की. माझ्या प्रबंधात हे नाव अकरा वेळा आहे. ११ नोव्हेंबर १९६८ च्या 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये त्याचा निबंध आला. त्याचे म्हणणे असे : कॅल्कोजेनाइड काचेच्या पातळ थरावर दाब वाढवत नेला तर एका ठरावीक पातळीपर्यंत ती जवळजवळ निरोधक राहते, आणि ती पातळी ओलांडताच डोळ्याचे पाते लवायच्याही कितीतरी आधी वाहक बनते. प्रवाह कमी केला की पुन्हा निरोधक. काही मिश्रणांत मात्र ती बदललेली स्थिती तशीच टिकते, म्हणजे काच लक्षात ठेवते. बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर झळकली आणि पाठोपाठ टीकाही झाली. अव्यवस्थित काचेचा स्विच ही कल्पनाच अनेकांना पटणारी नव्हती, आणि हा माणूस कुठल्याही विद्यापीठाचा नव्हता. मॉट, आणि शिकागोचे हेल्मुट फ्रित्शे व मॉरेल कोहेन यांनी मात्र त्याला गांभीर्याने घेतले. १९६९ साली कोहेन, फ्रित्शे आणि ओव्हशिन्स्की या तिघांनी मिळून अव्यवस्थित अर्धवाहकांचे जे चित्र मांडले, ते आमच्या अभ्यासक्रमात तिघांच्या आद्याक्षरांनी ओळखले जाई.

एवढे मला पाठ होते. माणूस मात्र माहीत नव्हता. तो कळला ऑक्टोबर २०१२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आलेले लेख वाचताना.

ओव्हशिन्स्की १९२२ साली अमेरिकेतल्या अक्रन गावी जन्मला. वडील लिथुआनियातून आलेले. घोडागाडी घेऊन, पुढे ट्रकने, कारखान्यांतून धातूचे भंगार गोळा करत. मुलगा शाळा संपण्याआधीच टायर-कारखान्यांसाठी काम करणाऱ्या वर्कशॉपमध्ये टूलमेकर झाला. कॉलेजात कधी गेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने स्वतःचा लेथ बनवला. त्यात जॉब टोकाला न पकडता मधोमध पकडलेला असे, त्यामुळे दोन्ही टोकांना एकाच वेळी काम करता येई. यंत्राने स्वतःहून कसे निर्णय घ्यावेत याचा विचार करता करता तो मेंदूतल्या पेशींकडे वळला : पेशीही काही काळ गप्प राहते आणि एका मर्यादेनंतर एकदम पेटते. असे काही धातूच्या ऑक्साइडांत, मग काचेत सापडेल का, हे तो डेट्रॉइटमधल्या एका दुकानवजा जागेत, पत्नी आयरिस हिच्यासोबत १९६० पासून शोधत राहिला.

पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी आणि डीव्हीडीत हीच कॅल्कोजेनाइड काच असते; लेझरच्या चटक्याने तिचा ठिपका स्फटिक होतो किंवा पुन्हा काच. आज मोटारींच्या नियंत्रणासाठी बनणाऱ्या काही चिपमध्ये, एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सच्या, याच तत्त्वावर चालणारी स्मृती आहे. इंजिनाजवळच्या उष्णतेतही लिहिलेले पुसले जाऊ नये म्हणून तिच्यात जर्मेनियमचे प्रमाण वाढवलेले असते. हायब्रिड मोटारींना सुरुवातीची कित्येक वर्षे चालवणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीमागेही ओव्हशिन्स्कीच्याच कंपनीचे काम होते.

एक तपशील मात्र वाचून मी पुढे वाचू शकलो नाही. त्या लेथला त्याने नाव दिले होते 'बेंजामिन सेंटर ड्राइव्ह'. बेंजामिन हे त्याच्या भंगारवाल्या वडिलांचे नाव.

*

टेफ्लॉनचे बुश अण्णांनी पहिल्यांदा केले ते डिसेंबरातल्या सकाळी, फर्स्ट शिफ्टच्या सुरुवातीला. माप बरोबर होते. दुपारी जेवणानंतर बसवायला गेले तर भोकात जाईनात. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच बुश अलगद आत गेले. तीन दिवस त्यांनी वेगवेगळ्या वेळी मायक्रोमीटर लावून माप घेतले आणि सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले. चौथ्या दिवशी मला दाखवले.

"बघ. सकाळी थंडीत एक माप. नऊ-साडेनऊला ऊन वर आलं, की हा माल फुगतो."

"उष्णतेनं सगळंच फुगतं, अण्णा."

"पितळ बी फुगतं की. पण ते सावकाश. हे अशी उडी मारत नाही."

मी हसलो असेन. प्रयोगशाळेत जायची घाई होती. त्यांनी मग बुशांचा शेवटचा कट दुपारी घेतला, टूलला ताजी धार लावून, चकमध्ये माल दाबला जाऊ नये इतक्या हलक्या पकडीने. होल्डर आजतागायत ढिला झालेला नाही.

टेफ्लॉनच्या रेणूंची रचना १९ अंश सेल्सियसजवळ बदलते आणि त्याचे आकारमान सुमारे एक टक्क्याने वाढते. हे पदार्थशास्त्रात १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून ठाऊक आहे. डिसेंबरात भोसरीचा पारा सकाळी बारा-तेरा असतो, दुपारी अठ्ठावीस. मध्ये एकोणीस येऊन जातात. २५ मिलीमीटरच्या बुशात तो फरक एक दशांश मिलीमीटरच्या घरात जातो, आणि चांगल्या टर्नरला तो दिसतो. अण्णांना दिसला. त्यांनी तो पुन्हा पुन्हा मोजला, लिहून ठेवला, पितळेशी ताडून पाहिला आणि निष्कर्ष काढला. मी त्या वेळी सेलेनियमबाबत नेमके हेच करत होतो, आणि त्याला संशोधन म्हणत होतो. तो पुठ्ठा मी जपला नाही.

माझ्या प्रबंधाचे ऋणनिर्देश दोन पानांचे आहेत. मार्गदर्शक, विभागप्रमुख, प्रयोगशाळा-सहायक, तीन मित्र आणि टायपिस्ट. सॅम्पल होल्डरसाठी फक्त 'कार्यशाळेतील सहकार्याबद्दल' अशी अर्धी ओळ आहे. विसरलो नव्हतो. बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला मापनाचे उपकरण कॅटलॉगातून न घेता बापाने शिफ्टनंतर केले, हे कळावे असे मला वाटले नव्हते. बांधून आलेली प्रत अण्णांनी उलटून पाहिली. इंग्रजी येत नव्हते. एकतिसाव्या पानावरच्या आकृतीवर बोट ठेवून म्हणाले, "ही आपलीच की डबी." आणि प्रत कपाटात, देवाच्या फोटोखाली ठेवली. ते २००९ मध्ये गेले. ओव्हशिन्स्कीची गोष्ट मला त्यानंतर तीन वर्षांनी कळली.

मी पुढे तीस वर्षे कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवले. विद्यार्थ्यांत टर्नरांची मुले होती, फिटरांची होती, कुदळवाडीत भंगार वेचणाऱ्यांचीही होती. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने कुदळवाडीतली भंगाराची गोदामे आणि इतर हजारो बांधकामे पाडली. त्या पोरांतली किती कुठे गेली, याचा विचार त्या दिवसांत रोज येई. ओव्हशिन्स्की शिकवताना मी शेवटची काही वर्षे सुरुवात त्याच्या लेथपासून करत असे, आणि मगच त्याच्या स्विचकडे येत असे. वर्गात ही पितळी डबी फिरवायचो. पोरे आधी तिचे फिनिशिंग बघत. "सर, हे कुणी टर्न केलं?" असा प्रश्न दरवर्षी कुणी तरी विचारी, आणि मी सांगत असे.

प्रबंधात ते लिहिलेले नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो : त्यातली सगळी मोजमापे माझ्या वडिलांनी केलेल्या होल्डरमध्ये घेतलेली आहेत.